कांदा वाटेत सुकतो

"पाचशे दोन," टेबलामागचे साहेब म्हणाले. "दोन किलो जास्त होतंय. बाजूला व्हा, पुढचा संघ येऊ द्या."

"पाचशे दोन कसं होईल?" मी म्हणाले.

"कसं म्हणजे? आठजणींचं मिळून पाचशेच्या आत पाहिजे. तुमचं पाचशे दोन भरलं."

"अहो साहेब, परवाच चारशे सत्त्याण्णव भरलोय आम्ही. आणि तेव्हापासून सगळ्या अर्ध्या जेवणावर आहोत. मग वाढेल कुठून? हवा खाऊन?"

माझा आवाज आधीच मोठा, त्यात पोट रिकामं. शेजारच्या रांगेतल्या पोरी वळून बघायला लागल्या. खैरनार सरांनी माझा दंड धरला, "हेमलता, हळू." पण मी कसली ऐकते!

ही गोष्ट नगरची, विद्यापीठाच्या रस्सीखेच स्पर्धांची. आमचं बी.ए.चं शेवटचं वर्ष. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावातलं. मुलींचा कबड्डीचा संघ नाही, खो-खोचा नाही, पण रस्सीखेचीचा होता. त्याचं कारण खैरनार सर. ते म्हणायचे, "तुम्ही शेतातून, बाजारातून आलेल्या पोरी. ओढायचं कसं, हे तुम्हाला शिकवायला नको. थांबायचं कसं, एवढंच मी शिकवतो." तीन वर्षं आम्ही तेच शिकलो. रस्सीखेचीत नुसती ताकद चालत नाही. आधी धरून ठेवायचं असतं. समोरच्या पोरी दमेपर्यंत टाचा मातीत रुतवून, पाठ मागं टाकून, दोराला नुसतं लटकून राहायचं. आणि बोल आला की आठजणींनी एकदम एक पाऊल मागं.

मी सगळ्यात शेवटची. दोराचं टोक माझ्या काखेखालून पाठीवर आणि खांद्यावरून पुढं यायचं. पुढच्या सातजणी घसरल्या तरी शेवटचीनं हलायचं नाही, हा नियम. माझं वजन तेव्हा अठ्ठ्याहत्तर किलो. त्यात लपवायचं काय? कॉलेजात पोरं मला 'गोणी' म्हणायची. म्हणू देत. बाकीच्या ठिकाणी माझं वजन म्हणजे चेष्टा, आणि दोरावर मात्र मी नसले तर संघ नाही. तीन वर्षांत मी एकदाही आडवी झाले नव्हते. जगात माझी म्हणून एकच जागा होती, ती त्या दोराच्या टोकाला.

माझ्या पुढं, सातवी, आमची कॅप्टन छाया देवरे. वडनेऱ्याच्या शेतकऱ्याची पोरगी, काटक, बोलायला कमी. आमच्यात एक रीत होती. शेवटचीच्या अंगावर दोर सातवीनं घालायचा आणि खेळ संपल्यावर सातवीनंच काढायचा. मी स्वतः हात लावायचा नाही. सुरुवात कुणी केली कोण जाणे, पण तीन वर्षं छायाच मला दोर घालत आली होती. घालताना ती दर वेळी माझ्या खांद्यावर एक थाप मारायची.

तर साहेब ऐकेनात, आणि मीही हटेना.

"तुमचा काटा खोटा आहे," मी म्हणाले.

"बाई, तोंड सांभाळा."

"खोटाच आहे! आमची कांद्याची आडत आहे, साहेब. शेतकऱ्याचा माल आमच्याकडं येतो, वजन होतं, विकला जातो. वजनातलं मला सांगू नका. दर शनिवारी आमच्या आडतीवर माझ्या वडिलांनी स्वतःच्या हातानं आम्हाला जोखलंय. अख्खा बाजार त्या काट्यावर चालतो. तो खोटा आणि तुमचा खरा होय?"

आणि ते खरंच होतं. दर शनिवारी सराव संपला की आम्ही आठजणी आमच्या आडतीवर जायचो. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, या संघाचं भारी कौतुक. गोण्या जोखायचं काम थांबवून ते म्हणायचे, "चला, माझ्या पैलवान आल्या." दोघी-दोघींना काट्यावर उभं करायचे, दांडीच्या खाचेत पितळी वजन अडकवायचे, आकडा मोठ्यानं सांगायचे, आणि मग सगळ्यांना गूळ-शेंगदाणे, केळी. बेरीज माझ्याआधी त्यांचीच झालेली असायची. "अजून तीन किलोला जागा आहे. हेमे, तू एक भाकरी जास्त खा." शेतकरी, हमाल, सगळे हसायचे. छायाचे वडील, आप्पा, तेही कधीकधी तिथं असायचे. ते माल घेऊन आले की त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "घरी जोखलं तेव्हा जास्त भरलं होतं, आण्णा." आणि आण्णांचं उत्तरही ठरलेलं, "अहो, कांदा वाटेत सुकतो, आप्पा." आप्पा मान डोलवायचे. मीही लहानपणापासून ते ऐकत आले होते. कांदा सुकतो, हे खरंच तर आहे.

टेबलामागचे साहेब उठले. चिडले नाहीत, हे मला जास्त लागलं. त्यांनी शिपायाला हाक मारून तालमीच्या खोलीतून वीस-वीस किलोची लोखंडी वजनं आणायला सांगितली. "सरकारी छाप आहे बघा यावर," ते सरांना म्हणाले. "तुमच्या मुलीची शंका फिटू दे. इतर संघांनाही बरंय." शिपायानं धापा टाकत चार वजनं आणून काट्यावर ठेवली. सगळ्या रांगा गोळा झाल्या होत्या.

काटा ऐंशीवर थांबला. एक तोळा इकडं नाही की तिकडं.

"आणखी आणू?" साहेबांनी विचारलं.

 तरी मी म्हणाले, "मग आमचा बिघडला असेल."

"बिघडला असेल?" मागून अलका म्हणाली. अलका आमच्यात तिसरी, जिभेला हाड नाही. तिच्या घरचा कांदाही आमच्याकडंच यायचा. "बिघडलेला काटा एकदा जास्त दाखवेल, एकदा कमी दाखवेल. आमच्या कांद्याला तो दर वेळी कमीच कसा गं दाखवतो?"

 मी अजूनही तोंड उघडून उभी होते, काहीतरी उत्तर द्यायला. आणि मग उत्तर द्यायच्या ऐवजी मला ऐकू आलं, मी काय ओरडले होते ते. अख्खा बाजार त्या काट्यावर चालतो.

मी छायाकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. काट्यावरच्या त्या चार लोखंडी वजनांकडं बघत होती. तिचे ओठ हलत होते. ती हिशेब करत होती का, की आणखी काही, मला आजही सांगता येणार नाही. 

"आठ वाजेपर्यंत वजनं घेणार आहोत," साहेब सरांना म्हणाले. "तोवर उतरवलंत तर या. नाहीतर खेळाडू बदला. राखीव आहे ना तुमची?"

राखीव होती मंदा. छत्तीस किलोची म्हणा ना, वाऱ्यावर जाईल अशी. ती खेळायची नाही, आम्हाला बोल द्यायची. हमाल गोणी उचलताना ओरडतात तसा तिचा बोल होता, "घे... हो!" एवढ्याशा अंगातून तो आवाज कुठून यायचा, देव जाणे.

सरांनी आम्हाला मैदानाच्या कडेला, पाण्याच्या टाकीपाशी नेलं. त्यांनाही सगळं समजलं होतं, पण ते त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. "सोपं आहे," ते म्हणाले. "हेमलताला बसवू, मंदाला घेऊ. वजनाचा प्रश्नच मिटला."

"बसवाच सर," अलका म्हणाली.

मी मान खाली घातली. एरवी मी अलकाला दहा सुनावल्या असत्या. त्या दिवशी मला वाटलं, बरोबर आहे तिचं. आणि त्याच क्षणी असंही वाटलं, देवा, मला दोरावरून काढू नका. काही करा, मला मारा, शिव्या द्या, पण दोरावरून काढू नका. दोन्ही एकदम वाटलं. माझी लाज आणि माझा हावरेपणा, दोन्ही खरे.

"छाया, तू कॅप्टन आहेस," सर म्हणाले. "बोल लवकर."

छाया माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुला माहीत होतं?"

"नाही."

"खरं बोल, हेमे."

"आईशपथ नाही, छाया. माहीत असतं तर मी तिथं एवढी ओरडले असते का? माझ्याच बापाला चव्हाट्यावर आणलं असतं का?"

 तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, पण माझ्यावर होता की नाही हे कळेना. शेवटी ती सरांकडं वळली.

"मंदा शेवटची? सर, ती दोराबरोबर पलीकडं जाईल," ती म्हणाली. आणि मग माझ्याकडं न बघता, "पळ."

"काय?"

"पळ म्हटलं ना. सगळ्याच पळा. स्वेटर घाला, चादरी गुंडाळा. दोन किलो म्हणजे माणशी पावशेर. निघेल."

अलका काही बोलणार होती. छाया तिला एवढंच म्हणाली, "अलके, आधी खेळ. बाकीचं घरी गेल्यावर."

आम्ही पळालो. एप्रिल महिना, सकाळचंच ऊन चटके देत होतं, आणि आम्ही आठजणी एस.टी.च्या प्रवासात पांघरायला आणलेल्या चादरी, स्वेटर, मफलर गुंडाळून मैदानाला फेऱ्या मारत होतो. बाकीच्या कॉलेजच्या पोरी खिदळत होत्या. मंदानं फाटकाबाहेरच्या गाड्यावरून चिंच आणली. चिंच तोंडात धरायची आणि थुंकत राहायचं, गिळायचं नाही. कुस्तीच्या पोरांकडून शिकलो होतो. बांगड्या काढल्या, कानातलं काढलं, अलकानं तर केसांतले आकडेसुद्धा काढून फेकले. मी सगळ्यांच्या मागं होते. अठ्ठ्याहत्तर किलोचं धूड पळवायचं म्हणजे काय गंमत आहे? छातीत कळ येत होती, घशाला कोरड पडली होती, पण मी थांबले नाही. मला वाटत होतं, पावशेर नाही, दोनही किलो मीच माझ्या अंगातून घामावाटे काढून टाकावेत. पुढं छायाची वेणी हलताना दिसत होती. एकदाही तिनं मागं वळून बघितलं नाही. एरवी ती दर फेरीला "चल गं गोणी" म्हणून ओरडायची. तिनं म्हटलेलं चालायचं मला.

आठ वाजायला आले तेव्हा आम्ही परत काट्यासमोर उभ्या राहिलो.  दोघी-दोघी वर चढलो. साहेबांनी बेरीज केली, परत एकदा केली, चष्मा वर केला.

"पाचशेला चिकटून बसलंय," ते म्हणाले. "या आत."

कुणी ओरडलं नाही. अलका टाकीकडं धावली आणि पाण्याखाली तिनं तोंडच धरलं.

खेळ दुपारी सुरू झाले. आधीच्या दोन लढती आम्ही जिंकलो. कशा, ते सांगत नाही, कारण मला नीट आठवतच नाहीत. एवढंच आठवतं की पहिल्या लढतीआधी सगळ्या दोरावर आपापल्या जागी गेल्या, आणि मी टोक पायाशी ठेवून उभी राहिले. हात लावायचा नाही ही रीत. छाया पुढंच उभी, पाठ माझ्याकडं. पंच शिट्टी तोंडात घेऊन वाट बघत होते. मला वाटलं, आता ती म्हणणार, तुझा तू घाल. मग ती वळली, खाली वाकली, टोक उचललं, माझ्या काखेखालून घेतलं, पाठीवरून आणलं, खांद्यावरून पुढं सोडलं. दोर घट्ट आहे का बघितलं. थाप मारली नाही.

अंतिम लढत गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी होती. त्यांची शेवटची माझ्यापेक्षा उंच, खांदे पुरुषासारखे. तीनपैकी दोन जिंकायच्या. पहिली ओढ त्यांनी सहज घेतली. आम्ही सकाळी घाम नाही, जीव काढून आलो होतो. दुसरी आमची, पण केवळ त्यांच्या दोघी घसरल्या म्हणून. तिसरीला पंचांनी दोर उचलायला सांगितला तेव्हा माझ्या तळहातांना जोर उरला नव्हता.

"ताण द्या... स्थिर... खेचा!"

त्यांनी पहिल्याच झटक्यात आम्हाला हातभर ओढलं. माझ्या टाचांनी मातीत दोन चर पाडले. मग मी रुतले.

"थांबा!" मंदा किंचाळली. "धरून ठेवा! अजून नाही!"

धरून ठेवणं म्हणजे काय, ते बाहेरून बघणाऱ्याला कधी कळत नाही. कुणी हलत नाही, दोर हलत नाही, लोकांना वाटतं काही चाललेलंच नाही. आत मात्र अंगातली एकेक शीर ओरडत असते. दोर माझ्या खांद्यात रुतत चालला. माझ्या नाकासमोर छायाची पाठ होती, घामानं भिजलेला तिचा गणवेश, मानेवर चिकटलेले केस. आमच्या खेळात सातवी कधी मागं बघत नाही. तिनं पाठ टाकायची ती मागची आहे म्हणून. आणि छायानं त्या दिवशीही टाकली होती, पूर्ण. सगळं वजन. मला एकदम रडू यायला लागलं. रडताना श्वास सुटतो, आणि श्वास सुटला की पाय सुटतो. मी दात ओठांवर रोवले.

"अजून नाही!"

पुढं कुणीतरी कण्हत होतं, अलका असेल. दोर बोटभर गेला. परत बोटभर. छायाचा डावा पाय सरकला. ती बसणार असं वाटलं. खाली बसलं की चूक, दोन चुका झाल्या की हार. तिची पाठ माझ्या छातीवर आली. मी तिचं वजन आणि दोर दोन्ही घेतलं. किती वेळ, कुणास ठाऊक. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, हलू नको, हलू नको, आता तरी खोटी पडू नको.

मग समोरच्या दोराचा ताण केसभर कमी झाला. मला खांद्यात ते कळलं, आणि मंदाला डोळ्यांनी.

"घे... हो! घे... हो! घे... हो!"

आम्ही मागं मागं गेलो. शिट्टी वाजली तरी मला ऐकू आली नाही.

पुढच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मंदा धावत येऊन अलकाच्या अंगावर चढली. सर रुमालानं डोळे पुसत होते. मी तिथंच उभी, दोर अंगावर, टोकाला. हात लावायचा नाही. कुणी माझ्याकडं आलं नाही. त्या बाजूला एवढा गोंधळ आणि माझ्याभोवती दहा हात मोकळी माती.

बऱ्याच वेळानं छाया आली. तिनं खांद्यावरून दोर उचलला, पाठीवरून सोडवला. कातडी निघाली होती तिथं तिनं क्षणभर बघितलं. दोर खाली ठेवला.

"उद्या आप्पांची गाडी आहे तुमच्या आडतीवर," ती म्हणाली. आणि गेली.

परतीच्या एस.टी.त मी एकटी मागच्या बाकावर बसले. पदक पिशवीत होतं. बसल्या बसल्या मला आमचा देव्हारा आठवला. आमच्या देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी एक पितळी वजन असायचं, लाल कापडात. आडतीवरच्या काट्याला होतं तसंच, हुबेहूब. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. आई रोज त्याला हळद-कुंकू लावायची. आणि कधीतरी आडतीवरून पोऱ्या धावत यायचा, "वहिनी, साहेब आलेत, देवातलं वजन मागितलंय." लहानपणी ते मीच घेऊन जायचे, दोन्ही हातांत, प्रसाद न्यावा तसं. काटे तपासायला सरकारी साहेब येतात म्हणून आण्णा देवाचं वजन काढतात, केवढा मान देतात, असं मला वाटायचं. साहेब गेले की ते परत देवापाशी. खरं वजन आमच्या घरी पूजेला होतं, आणि कामाला दुसरं, मुद्दाम जड केलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, देवाला नमस्कार केला आणि लाल कापडातलं वजन उचललं. आई म्हणाली, "अगं, साहेब आलेत का?" मी चपला घातल्या आणि निघाले.

आडतीवर गर्दी होती. आप्पांची बैलगाडी काट्याला लागलेली, हमाल गोण्या उतरवत होता. छाया चाकापाशी उभी होती. तिनं मला बघितलं, माझ्या हातातलं कापड बघितलं.

"आली माझी पैलवान!" आण्णा गर्दीतून ओरडले. "ऐकलं का मंडळी, विद्यापीठात पहिल्या आल्या पोरी! आप्पा, तुमची कॅप्टन..." मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. ते जवळ आले, आवाज खाली आणला. "साहेब आलेत की काय?"

"नाही. छायाचे आप्पा आलेत."

"मग हे कशाला आणलंस?"

"आण्णा, नगरला आम्ही पाचशे दोन भरलो. तुम्ही चारशे सत्त्याण्णव सांगितलं होतं. मला दोरावरून काढत होते, आण्णा."

 मला वाटलं होतं ते ओरडतील, नाहीतर हसण्यावारी नेतील. मी दोन्हीला तयार होते, रात्रभर उत्तरं जुळवली होती. पण त्यांचा चेहरा असा झाला की माझी सगळी उत्तरं गेली. ते खाटेवर बसले. उठवल्याशिवाय उठता येणार नाही तसे बसले.

"माझ्या डोक्यातच आलं नाही गं," ते म्हणाले. "तुम्हाला जोखताना... देवाशपथ, डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं झाली, मला तोच खरा वाटायला लागला होता."

हमाल ताटकळला होता. "मालक, गोणी ठेवू?"

मी कापड सोडलं. काट्याजवळ गेले, दांडीवरचं वजन काढून खाली ठेवलं आणि हातातलं पुढं धरलं. अडकवलं नाही. आण्णांनी उठावं म्हणून थांबले. मला दुसरं काही करता येत नव्हतं, थांबणं येत होतं.

आण्णा उठले. माझ्या हातातून वजन घेतलं. त्यांच्या बोटांना कुंकू लागलं. त्यांनी ते रोजच्या खाचेत अडकवलं. दांडी वर उडाली, खाली येईना. मग त्यांनी ते उचलून पुढच्या खाचेत नेलं, लहान वजन थोडं मागंपुढं सरकवलं, आणि दांडी सरळ झाली. आकडा सांगताना त्यांचा आवाज बसला होता, म्हणून दोनदा सांगावा लागला.

ते वजन नंतर कधी देव्हाऱ्यात परत गेलं नाही. आण्णा होते तोवर दांडीवरच राहिलं. आईनं ती रिकामी जागा तशीच ठेवली, आणि दसऱ्याला तिच्यावर नुसतं फूल वाहायची.

पण त्या सकाळी हे काही ठरलेलं नव्हतं. त्या सकाळी मी काट्यापाशी उभी होते, खांद्यावरची जखम ठणकत होती, आणि मी आप्पांकडं बघायचं टाळत होते. छाया चाकापासून निघाली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि जखम नव्हती त्या खांद्यावर तिनं एक थाप मारली. तिनं घरी काही सांगितलं नव्हतं, हे मला पुढच्याच क्षणी समजलं. कारण आप्पा दांडीकडं बघत होते, चेहऱ्यावर निव्वळ आनंद होता, आणि ते आण्णांना म्हणाले, "बरं झालं, आण्णा. आज कांदा वाटेत सुकला नाही."